दोन नळ्या आणि एक मासा

रांग चार पावलं पुढं सरकली आणि भालचंद्रनं तात्यांना पुन्हा एकदा श्वासनळी समजावून सांगायला घेतली.

हवा नाकातून आत जाते. नाकातल्या केसांत धूळ अडकते, वाटेत हवा कोमट आणि ओली होते, मग घशातून श्वासनळीत उतरते. नळीला कड्या असतात, म्हणून ती मिटत नाही. पुढं तिला दोन फाटे, त्या फाट्यांना आणखी फाटे, उलट्या टांगलेल्या झाडासारखे. अगदी टोकाला कणसातल्या दाण्यांसारखे बारीक फुगे. तिथं हवा रक्ताला मिळते. तात्यांचे ते शेवटचे बारीक फाटे आवळले होते, म्हणून छातीत शिटी वाजत होती. हे सगळं आपण अडाण्यालाही कळेल असं सांगतो, अशी भालचंद्रची समजूत होती. म्हणून तो रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलत होता. लोहाऱ्याच्या शाळेत विज्ञान शिकवायला लागून त्याला वर्षच झालं होतं आणि हैदराबादची बी.एस्सी. अजून त्याच्या अंगावर नव्या कोटासारखी कडक होती.

तात्या म्हणजे त्याचे वडील, तहसिलीतून निवृत्त झालेले कारकून. दिवाळीपासून त्यांनी अंथरुणाला पाठ टेकली नव्हती. लोडाला टेकून बसल्या बसल्या रात्र काढायचे. भालचंद्रला त्यांना सोलापूरच्या डॉक्टरकडं न्यायचं होतं. तात्यांना उमरग्याजवळ बिराप्पाकडं यायचं होतं. मृग लागला की बिराप्पा दम्याच्या माणसाला जिवंत मासा देतो. बोटभर मासा, त्याच्या तोंडात औषधाची गोळी. अख्खा गिळायचा. जन्मात अंड्यालासुद्धा न शिवलेले तात्या आपद्धर्म म्हणून तयार झाले होते. घरी मात्र तुळजापूरला जातो असं सांगून निघाले होते.

बिराप्पाची अट एकच होती. मासा एकदा घेतला की ओळीनं तीन मृग घ्यायचा, मधे दुसरं औषध नाही. म्हणजे दोन वर्षं सोलापूर बंद. तात्या तेवढे निभावतील का, या विचारानं भालचंद्रचाच श्वास आखडत होता. आजच्या रांगेत त्यांना पटवलं तर पटवलं.

“तात्या, मासा छातीत जाऊच शकत नाही,” तो म्हणाला. “खाण्याची नळी वेगळी. गिळताना श्वासनळीवर झाकण पडतं.”

“मग इतकी माणसं येडी का?” पुढच्या कडूबाईनं मागं वळून विचारलं. ती दर मृगाला यायची आणि रांगेतल्या नवख्यांना शिस्त लावायची.

इतकी माणसं येडीच, असं भालचंद्रच्या मनात आलं. पण तो शिक्षक होता. शिक्षकानं प्रात्यक्षिक दाखवावं. एव्हाना कडूबाई मासा घेऊन बाजूला झाली होती आणि हे दोघं बिराप्पाच्या माशांच्या घंगाळापाशी पोचले होते. भालचंद्र तात्यांकडं वळला, मान मागं टाकली, तोंड होईल तेवढं वासलं आणि बोटानं आत दाखवत म्हणाला, “हे बघा, पडजिभेच्या मागं, खाली...”

बिराप्पा कधी कुणाचं तोंड बघायचा नाही. एवढ्या गर्दीत बघणार तरी किती? समोर उघडलं ते तोंड रोग्याचं, हा त्याचा हिशेब. त्यानं डाव्या हाताच्या चिमटीत भालचंद्रचं नाक दाबलं आणि उजव्या हातानं मासा आत सोडला.

“गिळ. चावू नगं.”

भालचंद्रनं गिळला. नाक बंद, तोंडात मासा. दुसरं काही करायला हवेला वाटच नव्हती. इतका वेळ ज्या झाकणाचं त्यानं कौतुक केलं, त्या झाकणानं आपलं काम चोख बजावलं.

नाक सुटल्यावर तो तसाच उभा राहिला. हात पोटावर. बिराप्पानं घंगाळात पुढचा मासा धरायला हात घातला होता.

तात्यांनी त्याच्याकडं नीट बघितलं. तहसिलीत साक्षीदाराकडं बघायचे तसं.

“कुठं आहे?”

“खाली.”

“छातीत?”

“नाही.” भालचंद्रचा आवाज बारीक झाला होता. “पोटात. हलतोय.”

तात्या हसायला लागले. शिटीसकट हसले, ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं तरी हसत राहिले. मग उपरण्यानं तोंड पुसून त्यांनी बिराप्पाचा हात हळूच मागं सारला.

“राहू दे बाबा. माझं पोट ठणठणीत आहे. दुखणं छातीत आहे,” ते म्हणाले. “भालू, तुझं खरं आहे रे. नळ्या दोन आहेत. चल, उद्याच्या यष्टीनं सोलापूरला जाऊ.”

वर्षभर जे ऐकायला भालचंद्रचे कान आसुसले होते, ते शब्द त्याच्या कानांवरून गेले. कारण पलीकडून कडूबाई बिराप्पाला सांगत होती, की दमा नसलेल्यानं मासा घेतला आन् पथ्य मोडलं, तर त्यालाच दमा धरतो. तिच्या चुलत्याला असाच धरला होता. हे शंभर टक्के खोटं होतं. ते खोटं का, हे भालचंद्र फळ्यावर आकृती काढून दाखवू शकत होता.

त्यानं तात्यांची पाठ वळायची वाट बघितली. मग घंगाळाशी वाकून, रांगेत कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात विचारलं,

“बिराप्पा, पथ्य काय काय म्हणालात?”