तडतड

"दाबाखाली दगड तडतडतो, तोवर ठीक," प्रयोगशाळेच्या प्रमुख, म्हणजे आमच्या ताई, मला पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या. "गप्प झाला, की समज, आता फुटणार."

आज चाचणी संपली. यंत्र बंद करून मी दगडाचे तुकडे डब्यात भरले. दगडाचा आवाज टिपणारा सेन्सर नेहमीच्या सवयीने भिंतीला चिकटवला, आणि त्याला जोडलेला स्पीकर तडतडायला लागला.

"तो जमिनीवर ठेव बरं," ताई म्हणाल्या.

ठेवला. तडतड वाढली.

"चल बाई, आधी बाहेर पडू!"

दार चौकटीत घट्ट आवळलं होतं. दोघींनी जीव खाऊन ओढलं, तरी तसूभर हललं नाही.

अचानक खोली शांत झाली.

"स्पीकर बंद केलास का गं?" ताईंनी हळूच विचारलं.

माझे दोन्ही हात अजून कडीवरच होते.