तिसरा शिक्का

"ह्ये इत्कं सगळं त्यानंच काढलं?" सरजाबाईंनी तिसऱ्यांदा विचारलं.

प्रदर्शन सांभाळणाऱ्या उज्वलाला ते 'त्यानं' खटकलं. डॉ. आनंदराज म्हणजे सहा वर्षं चीनमध्ये राहून तिथली बौद्ध चित्रकला शिकून आलेले, लातूरला प्राध्यापक. नांदेडच्या या प्रदर्शनात गुहाचित्रांचे फोटो चाळीस होते, पण हाताने रंगवलेलं चित्र एकच, त्यांचं. आता मुखेडच्या एसटीने एकट्या आलेल्या म्हातारीला अहो-जाहो कुठं शिकवत बसायचं?

"हो मावशी, सरांनीच. आठ महिने लागले. आपला करुणेचा बोधिसत्त्व चीनमध्ये गेला, तेव्हा तिथल्या चित्रकारांनी त्याला बाईचं रूप दिलं. गुहेच्या भिंतीवरचं ते चित्र सरांनी रेशमावर उतरवलंय."

"रानात चालली न्हाई वाटतं. पायाला एक भेग न्हाई," सरजाबाई म्हणाल्या आणि हात जोडून कितीतरी वेळ बघत राहिल्या.

उज्वलाला फार बरं वाटलं. सकाळपासून लोक चित्राकडे पाठ करून सेल्फी काढत होते. ही बाई मात्र एकेक बोट, एकेक पाकळी न्याहाळत होती.

"आन ह्ये लाल?"

"शिक्के. हा सरांचा, हा त्यांच्या चिनी गुरुजींचा. तिकडची रीतच आहे. चित्र ज्याच्या मनात भरलं, त्यानं त्यावर आपला शिक्का उठवायचा. तो त्या चित्राचा मान."

सरजाबाईंनी मान डोलावली.

उज्वलाने अभिप्रायाची वही पुढे केली. "उद्घाटनाला का नाही आलात? सर होते त्या दिवशी."

"मोठी मोठी मानसं येनार म्हनं. म्या पडले अंगठाबहाद्दर."

मुलांना शिक्के उठवून बघता यावेत म्हणून टेबलावर लाल शाईचं पॅड ठेवलेलं होतं. सरजाबाईंनी त्यात अंगठा बुडवला आणि वहीत ठसा उमटवला. ठशाच्या मधोमध एक तिरपी पांढरी रेघ राहिली.

"विळा लागला व्हता. लई जुनं हाय," त्या म्हणाल्या.

तेवढ्यात एका शाळेची पोरं आत घुसली. त्यांना रांगेत उभं करून उज्वला परतली, तर चित्रावर दोन शिक्क्यांच्या खाली तिसरा लालभडक ठसा होता. शेजारी सरजाबाई पदराला अंगठा पुसत होत्या.

"मावशी! हे काय केलंत?"

"तूच म्हनलीस की. माझ्या मनात भरलं."

उज्वलाला रडू फुटायचं बाकी होतं. पुढच्या आठवड्यात हे चित्र चीनला जाणार होतं, खुद्द गुरुजींच्या प्रदर्शनात. 'कुणाचं बोट लागणार नाही' असा शब्द देऊन तिने ते मागून आणलं होतं.

तिचा चेहरा बघून सरजाबाई घाबरल्या. "बिघडलं का गं? त्याला सांग, म्हातारीनं केलं म्हनून. त्यो न्हाई रागवायचा."

चारच्या गाडीला त्या निघून गेल्या. न्हाई रागवायचा म्हणे!

दुसऱ्या दिवशी आनंदराज चित्र न्यायला आले. त्यांनी काही विचारायच्या आतच तिने सगळं सांगून टाकलं. "चूक माझी आहे, सर. शिक्क्यांचं मीच सांगितलं. बाई बिचारी अडाणी होती."

चष्मा कपाळावर सरकवून आनंदराज ठशावर वाकले. मधल्या तिरप्या पांढऱ्या रेघेशी त्यांचं बोट थांबलं.

"एकटीच आली होती?"

"हो. मुखेडहून. सर, हे पुसता येईल का?"

"पुसायचं नाही. असंच जाईल."

"पण गुरुजींनी विचारलं, हा तिसरा शिक्का कुणाचा, तर?"

आनंदराजांनी चष्मा डोळ्यांवर घेतला, पुन्हा काढला आणि शर्टाच्या बाहीने डोळे पुसले.

"सांगीन, पहिलीपासून दहावीपर्यंत माझ्या एकेका प्रगतिपुस्तकावर आईची हीच सही आहे."