नावाचं कुलूप

“ह्यात माझा रोल कुठला?” खुर्ची ओढत रखमाजीनं विचारलं.

“नागरिक,” हुमा म्हणाली. “म्हणजे नुसतं बघायचं. ठराव ग्रामसेवक लिहिणार. मंजूर-नामंजूर फक्त सरपंच करणार. बाकी कुणाला ते बटण दिसणारच नाही.”

हुमा भोरहून एसटीनं यायची. वेल्ह्याकडच्या त्या ग्रामपंचायतीचा कारभार कॉम्प्युटरवर चढवायचं काम तिच्याकडं होतं. कुणी काय बघायचं, कुणी काय बदलायचं, सगळं तिनं डेटाबेसमध्ये बांधून टाकलं होतं. सरपंच होती बाळाबाई. जागा बाईला राखीव, म्हणून नवऱ्यानं उभी केलेली. आता ती दाराशी उभी होती. खुर्चीत नवरा होता.

रखमाजी हसला. “मग सरपंचाचा पासवर्ड माझ्या नावाचा टाक. हिला लिव्हाया येत न्हाई, आन् ठावं असलं तरी हिच्या तोंडातनं निघायचा न्हाई. नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य घटतं, हिच्या आयनंच शिकवलंय. काय गं, व्हय का न्हाई?”

बाळाबाईनं मान हलवली. हुमानं नाव टाकलं. पगार तिलाही पाहिजे होता.

दिवाळीनंतर ठराव आला. गायरान फार्महाऊसवाल्याला द्यायला गावाची हरकत नाही, असा. त्याच गायरानावर बाळाबाईच्या भावाचं छप्पर होतं. माहेर धरणात बुडाल्यापासून तो तिथंच पडून होता. “भावापुरतं तरी सोडा,” एवढंच ती घरात बोलली.

दुसऱ्या दिवशी ती एकटीच ऑफिसात आली. ओठ फुटलेला. एक डोळा सुजून मिटलेला. रखमाजी फार्महाऊसवाल्याच्या जीपमधनं भोरला मटण हाणायला गेला होता. आला की तो बटण दाबणार होता.

बाळाबाई पहिल्यांदाच त्या खुर्चीत बसली. “उघड, पोरी.”

“मावशी, पासवर्डच बदलून देते,” हुमा म्हणाली. “तुमच्या मनाचा सांगा कुठलाबी. त्यांचं नाव घ्यायलाच नको.”

“नगं. हाय त्योच टाक.” बाळाबाईनं डोक्यावरचा पदर खाली पडू दिला. “रखमाजी.”

दारातल्या चिमाजी शिपायाच्या हातून झाडू निसटला.

हुमानं अक्षरं दाबली. पडद्यावर नुसते ठिपके उमटले. ठराव उघडला. बटण बाळाबाईनं स्वतःच्या बोटानं दाबलं. नामंजूर.

“झालं, मावशी. नावाचं काम संपलं.”

“तुजं संपलं,” बाळाबाई म्हणाली. फुटका ओठ तिनं मनगटानं पुसला. मग रस्त्याकडं तोंड करून, जात्यात मूठमूठ दाणे सोडावेत तशी, ती सावकाश म्हणत राहिली, “रखमाजी. रखमाजी. रखमाजी.”