कुडापासून हातभर

गेल्या उन्हाळ्यात चुलीच्या जाळानं तुराट्यांचा कुड, म्हणजे घराची भिंतच, पेटला, तो विझवताना मनकर्णाबाईंचा हात भाजला. तेव्हापासून त्या चुलीजवळ बसल्याच नव्हत्या. आज सून शेवंता नवी चूल घालत होती. जी रांधणार तिचंच कोपर कुडाला टेकवायचं आणि बोटं पोचतील तिथून चूल मांडायची, ही गावची रीत. मनकर्णाबाईंनी मापासाठी सुनेचा हात धरला. शेवंतानं तो सोडवून सासूचंच कोपर कुडाला टेकवलं. "तुमचं माप घ्या, आत्याबाई. तुमच्या हातची भाकर खायची हाय मले." "येडी का वं? पुन्हा पेटलं म्हंजे?" "कीर्तनात बुवा काय म्हनले? अग्नी देव हाय, त्याले गाभाऱ्यावानी मोकळी जागा पायजे. अन् कुड लिपला ना मातीनं!" सासूच्या बोटांपुढे शेवंतानं मातीचा पहिला गोळा ठेवला. मनकर्णाबाईंनी पदर खोचला. "सरक तिकडं! माही चूल मीच घालीन."