लसणाचे दांडे

“आक्का, ऊठ की! पावणं येऊन अर्धा तास झाला,” बाळासो परड्याच्या दारातून ओरडला.

संयोगिता उठली नाही. घरामागच्या या परड्यात तिनं दिवाळीनंतर चार वाफे लसूण लावला होता. आता फेब्रुवारीत पातीच्या मधून फुलांचे दांडे वर आले होते. दांडा तसाच राहिला तर गड्डा पोसत नाही, म्हणून सकाळपासून ती एकेक दांडा खाली धरून मोडत होती. ओढायचा नाही, मुळं हलतात. नुसता कट्कन मोडायचा. शेजारणी म्हणाल्या होत्या, दांडं आलं, लसूण वाया गेला, उपटून टाक. तिनं ऐकलं नव्हतं. पाटी अर्धी भरली होती. दुपारी डाळ घालून त्या दांड्यांची भाजी करायची होती.

“कोण पावणं?”

“तुझ्या सासरची. भावजी आल्यात, त्यांचं वडील आल्यात. गाडी घिऊनच आल्यात. चा टाक आणि साडी बदल.”

तिचा हात थांबला. “कुणी बोलवलं त्यास्नी?”

बाळासोनं नजर चुकवली. “आण्णांनीच. काल फोन केलता.”

आण्णा म्हणजे दोघांचे वडील. नवऱ्याचं घर सोडून संयोगिता हातकणंगल्याजवळच्या या गावी माहेरी आली, त्याला आठ महिने झाले होते. या आठ महिन्यांत आण्णा तिच्याशी एक शब्द बोलले नव्हते. तिनं ताट वाढलं की मान खाली घालून जेवायचे आणि उठून रानात निघून जायचे. गावाला ते ठाऊक होतं. बापसुद्धा बोलत नाही म्हणजे चूक पोरीचीच असणार, असं लोक म्हणायचे.

दोन वर्षांपूर्वीही ती अशीच आली होती. तेव्हा गालावर वळ होते. चौथ्या दिवशी सासरे गाडी घेऊन आले, आणि आण्णांनीच दंडाला धरून तिला मागच्या सीटवर बसवलं. गाडीचं दारही त्यांनीच लावलं.

“मी येत न्हाय,” संयोगिता म्हणाली.

“अगं, माझी सोयरीक अडलीया. भैन घरात बसलीया म्हणून दोन स्थळं माघारी गेली. माझा तरी इचार कर.”

“ज्यास्नी माझी अडचण वाटती त्यांची पोरगी तुला कशाला पायजे? जा, सांग त्यास्नी. चा मी करणार न्हाय. गाडीत बी बसणार न्हाय. ह्या खेपंला वढून न्यायचं झालं तर चौघं लागतील.”

बाळासो गेला. ती पुन्हा वाफ्यात वाकली. पण एक दांडा मोडायच्या ऐवजी अख्खं रोपच मुळासकट हातात आलं. तिनं ते परत मातीत रोवलं, दोन्ही हातांनी दाबून बसवलं.

थोड्या वेळानं सगळेच परड्यात आले. पुढं सासरे, त्यांच्या मागं नवरा सम्राट आणि बाळासो, सगळ्यात शेवटी आण्णा. शेजारच्या कुंपणापलीकडं बायका गोळा झाल्या होत्या. सासरे बुटासकट सरळ वाफ्यात शिरले.

“झालं गेलं इसर, पोरी. चल घरला.”

संयोगिता उभी राहिली. “आधी वाफ्यातनं भाईर व्हा. लसूण हाय त्यो.”

“माझ्या बापासंगं अशी बोलतीस?” सम्राट पुढं झाला. त्याची मूठ वळली होती.

लग्न झाल्यापासून ती त्याला अहोजाहो करत आली होती. आज ती जागची हलली नाही. त्याच्या डोळ्यांत बघत म्हणाली, “व्हय, बोलती. आणि तू बी वाफ्यातनं भाईर हो.”

कुंपणापलीकडं कुणीतरी ‘अगं बया’ म्हणालं. सासऱ्यांचा चेहरा लाल झाला. ते आण्णांकडं वळले.

“ह्यासाठी बोलवलंसा व्हय आमास्नी? मागच्या टायमाला कसं शहाण्यागत धाडलासा. आता बी समजवा लेकीला.”

आण्णा पुढं आले. संयोगितानं दंड अंगाशी घट्ट धरले. पण आण्णांनी तिला हात लावला नाही. ते तिच्या आणि सम्राटच्या मधोमध उभे राहिले.

“न्यायला बोलवलं न्हवतं,” ते म्हणाले. “सगळ्यांम्होरं सांगायला बोलवलंय. फोनवर सांगितलं असतं तर गावाला कळलं नसतं. लेक हितंच ऱ्हाणार. गाडी वळवा.”

बाळासो तोंड उघडं टाकून बघत राहिला. सासरे कुत्सित हसले.

“आठ म्हैनं लेकीसंगं एक शब्द बोलत न्हाईसा, सारा गाव सांगतोय. आणि आज लई पुळका आला?”

आण्णांनी मान वर केली. आठ महिन्यांत पहिल्यांदाच त्यांनी संयोगिताकडं नीट बघितलं. मग पाहुण्यांना म्हणाले,

“मार खाऊन आल्याली पोर मी ह्याच हातानं तुमच्या गाडीत बसवली. राग तिच्यावर न्हवता, पावणं. तिच्यासंगं कुठल्या तोंडानं बोलायचं, त्ये कळत न्हवतं मला.”