प्लॅटिनमची तार

"पीएचडीनंतर पोस्टडॉक म्हणून तीन वर्षं बसलीस, तरी तुला जमलं नाही. पुष्करने तीन आठवड्यांत करून दाखवलं," सर म्हणाले. "पेपरवर तुझं नाव नाही, मुदतवाढही नाही. लॅबच्या चाव्या ठेव आणि नीघ."

पाण्यातून हायड्रोजन काढणारा, महागड्या प्लॅटिनमशिवाय चालणारा निकेलचा इलेक्ट्रोड मी घडवला होता. त्याच इलेक्ट्रोडवर हायड्रोजनचे माझ्यापेक्षा पाचपट आकडे मात्र सरांच्या लाडक्या पुष्करने आणले.

चाव्या ठेवायला गेले, तर त्याचा प्रयोग मांडलेला दिसला. निकेलसमोर दुसरा इलेक्ट्रोड म्हणून मी कायम ग्रॅफाइटची कांडी लावायचे. या शहाण्याने प्लॅटिनमची तार लावली होती. ती झिजून केसाएवढी बारीक झाली होती. झिजलेलं प्लॅटिनम विरघळून निकेलवरच बसलं होतं. पाचपट आकडे निकेलचे नव्हतेच, त्या प्लॅटिनमचे होते!

सर दारात आले. "अजून इथेच? 'प्लॅटिनमशिवाय पाचपट हायड्रोजन' म्हणून पेपर कालच छापून आला. आता पाया पडून उपयोग नाही."

मी तारेकडे बोट दाखवणार होते, पण हात खाली घेतला.

"सर, माझं नाव नक्की कुठेच नाही ना?"

"आभारातसुद्धा नाही!"

"मग तुमचे उपकारच झाले," म्हणत मी चाव्या तारेशेजारी ठेवल्या.