तिसरा झोत

कृष्णविवरातून दोन झोत निघतात. दुर्बिणीने टिपलेल्या माझ्या चित्रात तिसरा दिसला, तसे सर खुर्चीतून उठलेच. “पेढे सांग!”

आईला कळवायला मी फाटकाकडे धावले. रेडिओ दुर्बिणीजवळ मोबाइल चालू ठेवायला बंदी आहे, म्हणून पहारेकरी खंडागळेमामा अगदी संचालकांचाही फोन काढून घेतात. त्यांनी ऐटीत खण उघडला. आत बावीस फोन लुकलुकत होते.

“मामा, हे सगळे चालू?”

“मग! कुणाचा फोन आला ते सांगायला नको? पण दुर्बीण दिवसभर ऐकत असते ना, म्हणून सायलेंटवर ठेवलेत.”

मी मटकन बसले. माझा तिसरा झोत आकाशातला नव्हताच, या खणातल्या फोनच्या लहरींचा होता.

तेवढ्यात माझाच फोन उजळला.

“घे, तुझी आई,” मामा कुजबुजले. “फक्त हळू बोल, तिकडं ऐकू जाईल.”